जुनाट कंबरदुखी आणि मॅन्युअल थेरपी : पहिल्या तपासणीपासून घरच्या व्यायामापर्यंत

कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखते आहे. वाकलं की वाढते, पाठ टेकली की कमी होते, बसून उठताना चमक निघते, मधेच एखादा दिवस अगदी बरा जातो. मोडलेलं हाड, जंतुसंसर्ग, गाठ असं कोणतंही कारण तपासणीत सापडत नाही. ही जुनाट यांत्रिक कंबरदुखी. कंबर दुखते म्हणून येणाऱ्या दहांतल्या सुमारे नऊ जणांच्या दुखण्यात असं कोणतंही ठरावीक कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० साली जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती.

आपल्याकडे अशा कंबरेवर हात चालवण्याची रीत जुनी आहे. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हाडवैद्याकडून कंबर बसवून घ्यायची, घरातल्या लहान पोराला पाठीवरून चालायला लावायचं, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मॅन्युअल थेरपी म्हणजे हातांनी केलेला उपचार. तीत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आधी नीट तपासणी करतो आणि मग ठरावीक जोराने, ठरावीक दिशेने सांधे हलवतो, स्नायू दाबतो, ताणतो. मी स्वतः हेच काम करते, म्हणून माझं मत आधीच सांगते. हातांनी मिळणारा आराम खरा असतो, पण तो काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. तेवढ्या मोकळ्या वेळात तुम्ही कंबर कशी वापरता, यावर पुढचं सगळं ठरतं. पुढची प्रत्येक पायरी हे मनात धरून वाचा.

पायरी १ : ही कंबर हात लावण्याजोगी आहे का?

सगळ्यात आधी हे पाहायचं, आणि यात घाई करायची नाही.

लघवी तुंबली आहे किंवा नकळत होते आहे, शौचावरचा ताबा गेला आहे, मांड्यांची आतली बाजू आणि बसण्याची जागा बधिर झाली आहे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होते आहे, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. मणक्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण असते. उशीर झाला तर गेलेली ताकद आणि ताबा परत येईलच असं नाही. अशा वेळी मसाज, शेक, 'एकदा मणका बसवून पाहू' हे सगळं बाद.

दुसरी गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही : मणक्याचा क्षय. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, मणक्यावर एकाच जागी ठोकल्यावर निघणारी कळ. खोकला असेलच असं नाही. तापही कित्येकदा नसतो. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो खचू शकतो आणि पाय लुळे पडू शकतात. शंका आली की रक्ततपासणी आणि एमआरआय आधी, हात नंतर. क्षयाची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

तिसरी गोष्ट ठिसूळ हाडांची. पाळी थांबलेल्या स्त्रिया, वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे दम्याचे किंवा संधिवाताचे रुग्ण, उंची कमी होत चाललेल्या आजी. अशांचा मणका एसटीच्या मागच्या सीटवर बसल्या खड्ड्याच्या एका दणक्यानेही चेपू शकतो. पडल्यानंतर किंवा असा दणका बसल्यानंतर सुरू झालेल्या दुखण्यात एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाही पाठीवर जोर लावू देऊ नका.

बाकीचं थोडक्यात. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल तर तो आपणहून सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर झटक्याचं आणि खोल दाबाचं तंत्र टाळतात. कुशीतून कळा येतात, कूस बदलूनही फरक पडत नाही, सोबत लघवीला जळजळ होते, तर मुतखडा तपासा. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं दुखणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, चालल्या-फिरल्यावर आराम आणि पडून राहिल्यावर त्रास, पहाटे दुखण्याने जाग, असं चित्र असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे जा. ही कंबर सुजेची असते, तिचं औषध वेगळं असतं. गरोदरपणात उपचार करता येतात, पण पालथं झोपवून नाही.

पायरी २ : रिपोर्ट घरी ठेवा, निदान बाजूला तरी ठेवा

'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली', 'नस दबली' हे तीन शब्दप्रयोग मी जितक्या वेळा ऐकते, तितकी भीती मला त्या रुग्णाच्या हालचालीत दिसते. माणूस वाकायचं सोडतो, जमिनीवर बसायचं सोडतो, नातवाला उचलायचं सोडतो. कंबर वापरात नसल्याने आणखी ताठते आणि अशक्त होते, मग थोड्या कामानेही दुखते.

म्हणून एक आकडेवारी प्रत्येकाला सांगावीशी वाटते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे ज्यांना आपण गादी म्हणतो त्या, झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के होतं. फुगलेली चकती विशीत ३० टक्क्यांना, ऐंशीत ८४ टक्क्यांना. या लोकांना काही त्रास नव्हता. केस पिकावेत तशी चकती वयानुसार सुकते. रिपोर्टमधल्या झिजेचा आणि तुमच्या दुखण्याचा संबंध असेलच असं नाही, आणि तो आहे की नाही हे अंगावरच्या तपासणीतूनच कळतं.

पायरी १ मधली एकही खूण नसेल आणि पायात ताकद किंवा संवेदना कमी झालेली नसेल, तर मॅन्युअल थेरपी सुरू करण्यासाठी एमआरआयची गरज नसते. तो पैसा वाचवा.

पायरी ३ : कुणाच्या हाती कंबर द्यायची

फिजिओथेरपीची पदवी साडेचार-पाच वर्षांची असते, त्यात शेवटी प्रत्यक्ष रुग्णालयात काम करायचं असतं. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्यांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. चांगला माणूस रागावत नाही. शनिवार-रविवारचं शिबिर करून 'मणका बसवणारे' पुष्कळ झाले आहेत, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत मान-कंबर कडाकड वाजवून दाखवणारे त्याहून जास्त.

पहिल्याच भेटीत पुढच्या गोष्टी पाहा. तुमचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं का? पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या का? काय करणार आहे, त्यात धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे सांगून परवानगी घेतली का? कंबर तपासायची तर कपडे थोडे बाजूला करावे लागतात, तेव्हा पडदा आणि चादर होती का, स्त्री रुग्णासोबत कुणाला थांबू दिलं का? आणि पहिल्याच दिवशी तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले असतील, तर दुसरीकडे जा.

पायरी ४ : पहिली तपासणी

ही अर्धा-पाऊण तास चालली पाहिजे. टेबलावरचा उपचार त्या दिवशी दहा मिनिटांचाच झाला तरी हरकत नाही.

सुरुवात प्रश्नांनी होते. 'काकू, नेमकं कुठे दुखतं, एका बोटाने दाखवा.' बोट एका जागी थांबतं, की तळहात पूर्ण कंबरेवरून फिरतो, की कुल्ल्यावरून खाली पोटरीकडे जातो, यातूनच बरंच कळतं. दिवसभरात दुखणं कसं बदलतं? सकाळी अंथरुणातून उठताना, दुपारी बसून, संध्याकाळी थकल्यावर? कशाने वाढतं, कशाने थांबतं, आणि वाढलं तर शांत व्हायला किती वेळ लागतो? किंचित वाकल्याने वाढून दोन दिवस ठणकणारी कंबर आणि दिवसभर धुणं-भांडी केल्यावर वाढून रात्री शांत होणारी कंबर, या दोघींना एकाच जोराने हात लावायचा नसतो.

मग तीन कामं निवडायची, जी तुम्हाला करता यायला हवी आहेत आणि कंबरेमुळे अडली आहेत. उदाहरणार्थ जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं, पाण्याची बादली उचलणं, दुचाकीवर अर्धा तास जाणं. प्रत्येकाला ० ते १० गुण द्या, ० म्हणजे मुळीच जमत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं. हे कागदावर लिहून ठेवा, आणि दुखणं दहापैकी किती आहे तेही. 'बरं वाटतंय का?' या प्रश्नाचं उत्तर आपण समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून देतो. मांडी किती मिनिटं घालता आली, याचं उत्तर तसं बदलत नाही.

त्यानंतर हालचाली. उभं राहून पुढे वाकायचं आणि मधल्या बोटाचं टोक जमिनीपासून किती सेंटिमीटरवर राहतं ते टेपने मोजायचं. मागे वाकायचं, दोन्ही कुशींना वाकायचं. मग दुखणाऱ्या किंवा अडणाऱ्या दिशेची हालचाल दहा वेळा करून पाहायची, कारण एकदा वाकून जे कळत नाही ते दहा वेळा वाकून कळतं. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांनी ही पद्धत रूढ केली. १९५६ साली वेलिंग्टनमधल्या त्यांच्या दवाखान्यात एक रुग्ण, टेबलाचा वरचा भाग उचललेला असताना तसाच पालथा पडून राहिला. पाठ मागे वाकलेल्या त्या अवस्थेत त्याचं पायातलं दुखणं ओसरलं. पायात उतरलेलं दुखणं कंबरेकडे मागे सरकत असेल, कंबरेत थोडं वाढलं तरी, ती दिशा उपयोगाची असं तिथून धरलं जाऊ लागलं.

पाय सरळ ठेवून वर उचलून पाहणं, गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहणं, पायाचा अंगठा वर खेचण्याची ताकद, टाचांवर आणि चवड्यांवर चालणं, खुब्याची आतबाहेर हालचाल, हे सगळं यायला हवं. खुबा विसरला जातो. मांडी घालता न येणं, कधी कधी कंबरेपेक्षा खुब्यामुळे असतं.

शेवटी पालथं झोपवून, पोटाखाली उशी देऊन, एकेका मणक्यावर हळू दाब देऊन कुठे दुखतं, कुठे ताठ लागतं ते पाहतात. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कोणता मणका ताठ आहे यावर दोन अनुभवी थेरपिस्टचं एकमत क्वचित होतं. म्हणून कुणी 'तुमचा चौथा मणका सरकला आहे' असं बोटाने चाचपून सांगितलं, तर घाबरू नका. मणका असा सरकत नाही. 'इथे दाबल्यावर तुमचं नेहमीचं दुखणं जागं होतं' एवढंच खात्रीने म्हणता येतं, आणि उपचाराला तेवढं पुरतं.

पायरी ५ : टेबलावर काय होतं

नियम एकच : एक तंत्र वापरायचं, उठून अडलेली हालचाल पुन्हा करून पाहायची, फरक पडला तरच पुढे जायचं. पाच तंत्रं एकामागून एक केली तर कशाने बरं वाटलं ते कुणालाच कळत नाही.

*मोबिलायझेशन.* बहुतेकांची सुरुवात इथून करावी. तुम्ही पालथे, पोटाखाली उशी, हात शरीराच्या बाजूला. थेरपिस्ट तळहाताच्या करंगळीकडच्या टोकाने मणक्यावर लयबद्ध दाब देतो, सेकंदाला साधारण दोन वेळा, ३० ते ६० सेकंद, आणि असं दोन-तीनदा. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या चार प्रती ठरवून दिल्या, आजही त्याच शिकवल्या जातात. पहिली म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला, अगदी हलका छोटा झोका. दुसरी मोठा झोका, पण ताठरपणा लागण्याच्या आत. तिसरी मोठा झोका, ताठरपणात शिरणारा. चौथी छोटा झोका, हालचालीच्या टोकाला. दुखणं पुढे असेल, म्हणजे हात लावताच अंग आखडत असेल, तर पहिली-दुसरी. ताठरपणा पुढे असेल आणि दुखणं टोकालाच येत असेल, तर तिसरी-चौथी. दाब जास्त म्हणजे गुण जास्त, हा समज मनातून काढून टाका. ठणकणाऱ्या कंबरेवर चौथ्या प्रतीचा दाब दिला की ती रात्रभर झोपू देत नाही.

एका बाजूचं दुखणं असेल तर कुशीवर झोपवून, वरचा गुडघा दुमडून, कंबर हलकेच पिळत नेण्याचं तंत्र उपयोगी पडतं. वयस्क रुग्णांना पालथं झोपण्यापेक्षा हे सोसतं.

*स्नायूंवरचं काम.* शेवटच्या बरगडीपासून कंबरेच्या हाडापर्यंत जाणारा खोल चौकोनी स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू, या दोन ठिकाणी जुन्या कंबरदुखीत हाताला गाठी लागतात. कुशीवर झोपवून, कंबरेखाली टॉवेलची गुंडाळी देऊन, अंगठ्याने किंवा कोपराच्या सपाट बाजूने अर्धा ते एक मिनिट स्थिर दाब द्यायचा. दाबाचं माप रुग्णाचा श्वास. श्वास रोखावा लागला, दात आवळावे लागले, की जोर जास्त झाला. काळेनिळे डाग पडणं ही चांगल्या उपचाराची खूण नव्हे.

*आकसलेला स्नायू सैल करणं.* ताणाच्या टोकाला नेऊन तुम्हाला उलट दिशेने हलका जोर लावायला सांगतात, पूर्ण ताकदीच्या पाचव्या हिश्शाइतका, पाच-सहा सेकंद. मग सोडायचं, श्वास सोडताना पाय थोडा पुढे जातो. तीन ते पाच वेळा. दिवसभर बसून काम करणाऱ्यांच्या मांडीच्या मागच्या स्नायूला हे लवकर मानवतं.

*हालचालीसोबत हात.* न्यूझीलंडच्याच ब्रायन मुलिगन यांचं हे तंत्र मला विशेष आवडतं, कारण यात रुग्ण नुसता पडून राहत नाही. तुम्ही स्टुलावर बसता किंवा उभे राहता, कमरेभोवती पट्टा, थेरपिस्टचा हात मणक्यावर वरच्या दिशेने दाब धरून, आणि तुम्ही स्वतः पुढे वाकता. अट अशी की वाकताना दुखता कामा नये. दुखलं तर दाबाची जागा किंवा दिशा बदलायची, तरीही दुखलं तर हे तंत्र सोडायचं. वर्षभर न वाकलेला माणूस न दुखता वाकला की त्याचा स्वतःच्या कंबरेवरचा विश्वास तिथल्या तिथे वाढताना दिसतो.

*झटक्याचं तंत्र, म्हणजे मॅनिप्युलेशन.* कुशीवर झोपवून, कंबर पिळून टोकापर्यंत नेऊन, एक छोटा झटपट झटका. बऱ्याचदा 'कट्' असा आवाज येतो. तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आवाज आला नाही तरी गुण येऊ शकतो. स्वीडनमध्ये १९९८ साली अतिशय अचूक एक्स-रे पद्धतीने माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कंबरेचं हाड यांच्यातल्या सांध्याची जागा झटक्याआधी आणि नंतर मोजली, ती बदलली नव्हती. मग आराम कशाने पडतो? सांध्यातून आणि स्नायूंतून मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात, आखडलेले स्नायू थोडे ढिले होतात, वेदना दाबून धरणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या यंत्रणा जाग्या होतात. हा परिणाम लवकर दिसतो आणि लवकर ओसरतो. पायरी १ मधल्या कुणालाही झटका नको. तुम्हाला भीती वाटत असेल तरीही नको म्हणा. २०१९ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात मणक्यावरचे हातांचे उपचार आणि शिफारस होणारे इतर उपचार, जसे की व्यायाम, यांचा गुण जवळपास सारखाच निघाला. म्हणजे झटका न घेतल्याने तुमचं काही बुडत नाही.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं वाटू शकतं. त्याहून जास्त टिकलं, किंवा दुखणं पायात नव्याने उतरलं, बधिरपणा आला, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता फोन करा.

पायरी ६ : टेबलावरून उतरल्यावरची पंधरा मिनिटं

माझ्या लेखी उपचाराचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. कंबर आता थोडी मोकळी आहे, वाकताना कमी दुखते आहे, तोवर तिला नेमकं तेच काम द्यायचं जे अडलं होतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत मॅन्युअल थेरपी व्यायामासोबतच द्यावी, एकटी नको, असं म्हटलं ते याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनांतही मणक्यावरचे हातांचे उपचार आणि मसाज आहेत, आणि त्यांच्या जोडीला रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि व्यायाम आहेत.

उताणं झोपून दोन्ही गुडघे दुमडा आणि ते सावकाश डावीकडे-उजवीकडे डोलवा, दहा-दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासनासारखी पाठ वर गोल करा, खाली सोडा, दहा वेळा. यात ताण देणं हा हेतू नाही, हालचालीची भीती घालवणं हा आहे.

पुढचा व्यायाम तपासणीत ठरलेल्या दिशेचा. मागे वाकल्याने बरं वाटत असेल तर भुजंगासनासारखं, कंबर जमिनीवर सैल सोडून हातांच्या जोरावर छाती वर, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पुढे वाकल्याने बरं वाटत असेल, उतारवयात पुष्कळांचं असंच असतं, तर गुडघे छातीशी घेणं.

मग ताकदीचे. सेतुबंधासन, वर पाच सेकंद थांबून, आठ-दहा वेळा. हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय सरळ, पाच ते आठ सेकंद, प्रत्येक बाजूला पाच वेळा. श्वास चालू ठेवा. दहा दिवसांत हे सोपं वाटायला हवं. वाटलं की वाढवा. वर्षभर त्याच दहा वेळांवर अडकलेला व्यायाम पुढे काही देत नाही.

आणि उचलणं. पाठीमागे एक काठी उभी धरा, ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेली. तीनही जागा न सुटता खुब्यातून वाका. हे जमलं की अर्धी बादली, मग पाऊण, मग पूर्ण. पुढे पाठ गोल करून वाकणंही हळूहळू परत आणा, कारण भात लावणाऱ्या, भाजी खुडणाऱ्या, केर काढणाऱ्या बाईला 'पाठ कधीच वाकवू नका' हा सल्ला पाळता येत नाही. तिच्या कंबरेला वाकून काम करण्याची ताकदच यायला हवी. थोड्या वेळाने सुरुवात, दर काही मिनिटांनी सरळ उभं राहणं, आणि आठवड्यागणिक वेळ वाढवणं.

चालणं सगळ्यात शेवटी लिहिते आहे, पण सुरुवात पहिल्या दिवसापासून करा. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकते बरे झालेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, ध्येय होतं आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. दुखणं पुन्हा उद्भवेपर्यंतचा मध्यम काळ या गटात २०८ दिवसांचा होता, असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही.

पायरी ७ : किती वेळा, आणि कधी थांबायचं

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून एक ते दोन बैठका पुरतात. चौथ्या ते सहाव्या बैठकीला पहिल्या तपासणीतला तो कागद बाहेर काढा. दुखण्याचा आकडा दहापैकी निदान दोनाने उतरला आहे का, तीन कामांचे गुण वाढले आहेत का? वाढले असतील तर बैठकांतलं अंतर वाढवा, दहा दिवस, मग तीन आठवडे, आणि हातांचा वेळ कमी करून व्यायामाचा वाढवा. काहीच बदललं नसेल तर तेच तंत्र आणखी जोरात करून उपयोग होत नाही. तपासणी नव्याने करा, डॉक्टरांशी बोला, आणि झोप, घरातला ताण, कामाची असुरक्षितता, मनातली भीती यांबद्दलही बोला. जुन्या दुखण्यात या गोष्टींचा वाटा मोठा असतो. त्या विचारल्या म्हणजे 'तुमचं दुखणं मनाचं आहे' असं कुणी म्हणत नाही.

कित्येक दवाखान्यांत कंबरेला करंट लावणं, अल्ट्रासाउंडचा शेक आणि वजन लावून मणका ताणणं यातच अर्धा तास जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी या तिन्हींची शिफारस केलेली नाही, कंबरेच्या पट्ट्याचीही नाही. पट्टा लांबच्या प्रवासात एखाद्या दिवशी लावला तर बिघडत नाही, रोजचा सोबती करू नका. त्या अर्ध्या तासात हातांनी उपचार आणि व्यायाम मागा.

घरी कुणी चोळून देणार असेल तर

चालेल. पोटाखाली उशी घेऊन पालथे व्हा, तीळ किंवा खोबऱ्याचं तेल कोमट करा. चोळणाऱ्याने मणक्यांच्या रांगेवर दाब द्यायचा नाही, तिच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या पट्ट्यांवर तळहाताच्या मुळाने खालून वर सावकाश सरकायचं. दहा मिनिटं पुरे. नंतर गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर पिशवी आधी दुसऱ्याने हाताला लावून पाहावी. पाठीवर मूल उभं करणं पायरी १ मधल्या आणि साठीच्या पुढच्या कुणीही टाळावं.

फळीवर किंवा नुसत्या जमिनीवर झोपायचा सल्ला अजूनही दिला जातो. स्पेनमध्ये ३१३ जणांवरच्या चाचणीत, २००३ साली, मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम मिळाला. जमिनीवर सवयीने शांत झोप लागत असेल तर झोपा, कंबरेसाठी म्हणून शिक्षा भोगू नका.

पुन्हा धरली तर

धरेल, कधी ना कधी. लग्नघरात दोन दिवस उभं राहून, गणपतीच्या साफसफाईत, लांबच्या प्रवासानंतर. तेव्हा पायरी १ मधल्या खुणा एकदा मनाशी तपासा. त्या नसतील तर दिवसभर अंथरुणात राहू नका. गुडघे डोलवणं आणि तुमच्या दिशेचा व्यायाम दर दोन तासांनी करा, घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चाला, शेक घ्या, जड उचलणं दोन-तीन दिवस थांबवा. नेहमीचा व्यायाम निम्म्यावर आणा, बंद करू नका. आठवडाभरात उतार पडला नाही तर एक-दोन बैठका घ्या, आणि जाताना तो तीन कामांचा कागद सोबत न्या.